विजापूरचा ‘जगद्गुरू’ : दुसरा इब्राहिम आदिलशाह

1580 मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला आणि विजापूरच्या तख्तावर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या, दुसरा इब्राहिम, बसला. कारभार चुलती चांदबिबीकडे आला, पण दरबारातले दखनी, हबशी आणि इराणी सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. खुद्द चांदबिबीलाच काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली. पुढे दिलावरखान नावाच्या हबशी सरदाराने सत्ता बळकावली. ती इब्राहिमच्या हाती आली 1590 मध्ये.

‘जगद्गुरू’ म्हणवला जाणारा हा सुलतान गायचा, तंबोरा वाजवायचा, सुलेखन करायचा. त्याची दखनी भाषेतली गीतं ‘किताब-ए-नवरस’मध्ये आहेत. त्यांत सरस्वतीची स्तुती आहे. आवडता हत्ती आतिशखान आणि तंबोरा मोतीखान यांच्यावरही गीतं आहेत (वाद्याला ‘खान’ हा किताब देणारा राजा विरळाच!). गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता म्हणणारा हा राजा हिंदू झाला, असा संशय लोकांना येई. पण त्याच पुस्तकात गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज बंदेनवाज यांचीही तितकीच भक्ती आहे. त्यामुळे त्याला एका रकान्यात बसवण्याचा खटाटोप मला तरी व्यर्थ वाटतो.

ही निव्वळ लहर नव्हती. त्याचा आजोबा पहिला इब्राहिम याने महसुली दफ्तर फारसीतून देशी भाषेत आणून ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिलं होतं. रयत मराठी आणि कानडी बोलणारी, सरदारांत इराणीही आणि इथलेही. अशा राज्यात संगीत आणि दखनी बोली सगळ्यांना कळणारी होती. दरबारात इराणी कवी जुहूरी, इतिहासकार फिरिश्ता, चित्रकार फर्रुख बेग यांनाही मान होता. इब्राहिम रोजा ही नाजूक कोरीवकामाची इमारत त्याच्याच काळातली. गोलघुमटाच्या आकारापुढे पर्यटक तिला उगाच दुय्यम मानतात.

1599 मध्ये त्याने विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर हे नवं शहर वसवायला घेतलं. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे तेव्हा अंबरच्या बाजूने लढत होते. त्यानंतर अंबरने थेट विजापूरवर चाल केली आणि नवरसपूर लुटलं. 1627 मध्ये इब्राहिम वारला. निजामशाही बुडाल्यावर, 1636 मध्ये, शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत आले, तेव्हा तख्तावर इब्राहिमचा मुलगा मुहंमद होता.