जुन्या फिलरची गाठ: ग्रॅन्युलोमा की दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग?

दहा-बारा वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर गालात कायमस्वरूपी फिलर, म्हणजे चेहरा भरलेला दिसावा म्हणून टोचायचं द्रव्य, भरून घेतलं होतं. इतकी वर्षं काही झालं नाही, आणि आज तिथे टणक गाठ हाताला लागते. पुण्यात कोथरूड असो की कल्याणीनगर, मिळणारा सल्ला ठरलेला: "सूज आहे ना, स्टिरॉइड घ्या, उतरेल." मला या सल्ल्याची भीती वाटते.

ग्रॅन्युलोमा ही शरीराने परक्या वस्तूला दिलेली प्रतिक्रिया. पीएमएमए नावाच्या कायमस्वरूपी फिलरमधले प्लास्टिकचे सूक्ष्म गोळे साधारण ३० ते ५० मायक्रॉनचे. भक्षक पेशींना ते गिळता येत नाहीत, म्हणून त्या एकमेकींत मिसळून गोळ्यांना वेढा घालतात. गाठ काही महिन्यांनी येते, कधी कित्येक वर्षांनी. जिथे जिथे सुई टोचली, तिथे तिथे एकाच सुमारास गाठी वर आल्या, तर संशय इकडे जातो. यात गाठीतच स्टिरॉइड टोचतात आणि बऱ्याचदा गुणही येतो.

जंतुसंसर्गाचं तसं नाही. जंतू फिलरला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात, आणि वर्षानुवर्षं गप्प राहतात. या थरात प्रतिजैविकं नीट पोहोचत नाहीत. पॉलिअॅक्रिलामाइड जेल या दुसऱ्या कायमस्वरूपी फिलरमध्ये हा धोका विशेष. गाल लाल, गरम, दुखरा झाला की ओळखणं सोपं. पण कधी नुसती टणक गाठच असते आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, तीही निगेटिव्ह येते. फसगत होते ती इथेच. अशा वेळी नुसतं स्टिरॉइड दिलं तर चार दिवस सूज उतरल्यासारखी वाटते, आतले जंतू मात्र मोकाट सुटतात आणि गळू होतं.

म्हणून शंका असेल तर आधी संसर्ग आहे असं धरूनच चालावं, स्टिरॉइडचा विचार नंतर. सोनोग्राफीत पू साठलेला दिसू शकतो, सिलिकॉन असेल तर हिमवादळासारखं धूसर चित्र दिसतं. तरीही उलगडा झाला नाही तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. हायलुरोनिक अॅसिडचं फिलर इंजेक्शनने विरघळवता येतं, कायमस्वरूपीला तशी सोय नाही. काढायचं तर बहुधा शस्त्रक्रियाच.

फिलरच्या नावाचा जुना कागद घरात शोधा. नाही सापडला तरी डॉक्टरांना वर्ष आणि जागा सांगा, दाताच्या डॉक्टरांनासुद्धा. गाठीसोबत ताप असेल किंवा डोळ्याभोवती सूज चढत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.