लास कासासचं नाव लावणारं शहर

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वाटेमालाला खेटून असलेल्या चियापास राज्यातल्या डोंगराळ मुलखात फिरायला जाणारे बहुतेक जण सान क्रिस्तोबाल दे लास कासास या शहरात मुक्काम करतात. तिथून चामुला, सिनाकान्तान ही त्सोत्सिल माया लोकांची गावं अगदी जवळ आहेत. चामुलाच्या चर्चमध्ये बाकं नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या काड्या अंथरलेल्या असतात, त्यांत मेणबत्त्या तेवत असतात आणि फोटो काढायला सक्त मनाई असते. हे सगळं प्राचीन काळापासून जसंच्या तसं चालत आलंय, असं पाहुण्याला वाटतं. पण यातलं बरंचसं गेल्या पाचशे वर्षांत घडलं आहे.

१५२८ मध्ये दिएगो दे मासारिएगोस या स्पॅनिश सरदारानं हे शहर वसवलं. १५४५ मध्ये इथे बिशप म्हणून आलेल्या बार्तोलोमे दे लास कासास यांनी आदिवासींना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या स्पॅनिशांना पापक्षालन नाकारलं. शहर इतकं खवळलं की वर्षभरातच त्यांना निघून जावं लागलं, आणि ते परतले नाहीत. पुढे १८४८ मध्ये त्याच शहरानं त्यांचं नाव लावलं. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समोरून कोणी बिगर-आदिवासी आलं की माया माणूस फुटपाथवरून खाली उतरायचा. मला या मुलखाच्या इतिहासातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

मधल्या काळात लोक गप्प बसले नव्हते. १७१२ मध्ये कानकुक गावातल्या मारिया दे ला कान्देलारिया या कोवळ्या मुलीनं आपल्याला मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं आणि त्सेल्ताल या माया लोकांची गावं करवसुलीविरुद्ध उठली. ग्वाटेमालाहून फौज आणून तो उठाव चिरडण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफीचे मळे वाढले, तेव्हा डोंगरातल्या पुरुषांना आगाऊ पैसे देऊन मळ्यांवर नेलं जाई आणि ते कर्जात अडकत. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पेहरावही प्राचीन वाटतो, पण तोही या पाचशे वर्षांतच घडलेला. चामुलाच्या बायका काळ्या, केसाळ लोकरीचे घागरे नेसतात. ती लोकर देणारी मेंढी स्पॅनिशांनी आणलेली. पण चामुलाच्या लोकांनी तिला इतकं आपलंसं केलं की ते तिचं मांस खात नाहीत.

१२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कोलंबसच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, हजारो आदिवासी सान क्रिस्तोबालमध्ये आले आणि त्यांनी मासारिएगोसचा पुतळा पाडला. १ जानेवारी १९९४ ला, म्हणजे अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, सापातिस्ता या बहुतांशी माया आदिवासींच्या संघटनेच्या बंडखोरांनी शहराचा ताबा घेतला. जमीन, आरोग्य, शिक्षण आणि स्वतःचा कारभार या त्यांच्या मागण्या होत्या. लढाई बारा दिवस चालली, वाटाघाटी मात्र वर्षानुवर्षं. १९९६ मध्ये सान आंद्रेस इथे करार झाला, पण सरकारनं तो पुरता पाळला नाही.

मासारिएगोसचा पुतळा होता तो सान्तो दोमिंगो चर्चसमोर. आज त्याच चर्चच्या आवारात माया बायका हातमागावरचं कापड विकायला बसतात.