घोड्याच्या आरोग्याची व पोषणाची लक्षणे

घोडा निरोगी आहे का आणि त्याच्या पोटात पुरेसे व योग्य अन्न जाते का, हे सांगणाऱ्या खुणा. मराठवाड्यात या खुणांची पारख मुख्यतः माळेगावच्या (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेत होते. मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या या यात्रेतला घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथे गिऱ्हाईक आधी भोवरे (अंगावरच्या केसांची गोल वळणे), रंग आणि चाल पाहते, मग ओठ वर करून दात. दातांवरून वयाचा अंदाज येतो. भोवऱ्यांवरून तब्येतीचे काहीच कळत नाही. त्यापेक्षा लीद पाहावी. चांगल्या घोड्याची लीद गोळ्यांची, ओलसर, पडताच थोडी फुटणारी असते. तिच्यात अख्खा हरभरा दिसला, किंवा खाताना तोंडातून अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे गळाले, तर दातांना धार आली आहे असे समजून ते कानशीने घासून घ्यावे लागतात.

विश्रांतीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटांना लागते. हिरड्या गुलाबी व ओल्या हव्यात. अंगठ्याने दाबल्यावर पडलेला पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत भरून यावा. दोन्ही कुशींना कान लावला की गुडगुड ऐकू येते. पोट अगदी गप्प असणे हे वाईट लक्षण, कारण घोड्याला उलटी होत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की लीद बारीक, कडक होते व आतडे तुंबते. एरवीही घोड्याला दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी लागते.

अंगावरचे मांस डोळ्यांपेक्षा हाताने नीट कळते. बरगड्या दिसू नयेत, पण तळहात फिरवताच लागाव्यात. नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट सुटते आणि पाठीचा कणा वर येतो. अशा जनावराला धष्टपुष्ट म्हणणारे बाजारात पुष्कळ भेटतात. खरे तर त्याला प्रथिने कमी पडलेली असतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज हवा, म्हणजे 300 किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. हरभऱ्याची चंदी हा वरचा खुराक, आणि ती एकदम वाढवू नये.

खरारा केल्याने, म्हणजे अंग ब्रशने घासल्याने, कातडी चमकते, म्हणून तेवढ्या चकाकीवर भरवसा ठेवू नये. खूर अधिक विश्वासाचा. तो महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे काही महिन्यांपूर्वीचा ताप, उपासमार किंवा खाद्यातला बदल त्यावर आडव्या वळ्यांच्या रूपाने उमटतो. वळ्या समांतर असतील तर फारशी चिंता नसते. टाचेकडे त्यांतले अंतर वाढत गेलेले दिसले, तर खुराच्या आतली जुनी सूज संभवते.