विद्युत शक्ती व शाश्वत ऊर्जा : कोकणातील पदव्युत्तर शिक्षण

वीजनिर्मिती, पारेषण, वितरण आणि नवीकरणीय ऊर्जास्रोत यांचा एकत्र अभ्यास करणारा अभियांत्रिकीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. एम. टेक. किंवा एम. ई. या पदवीखाली तो चालतो आणि संस्थेगणिक त्याचे नाव बदलते : कुठे शक्ती प्रणाली, कुठे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कुठे ऊर्जा प्रणाली. पहिल्या वर्षी तासिका व प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्षी प्रबंध, हा साचा मात्र बहुतेक ठिकाणी सारखा. कोकणापुरती या अभ्यासक्रमाची वेगळी नोंद घ्यावी लागते ती एका विसंगतीमुळे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत विजेचे जवळजवळ सगळे प्रकार हाताच्या अंतरावर आहेत. विषय शिकवणाऱ्या संस्था मात्र बहुतांशी उत्तर टोकाला, मुंबईत गोळा झाल्या आहेत.

वीजकेंद्रांचा पट्टा : तारापूरच्या अणुवीजकेंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, पुढे तेथेच प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन उभ्या राहिल्या. उरणला नैसर्गिक वायूवर चालणारे ६७२ मेगावॅटचे केंद्र आहे, तर जयगडला आयात कोळशावर चालणारे १,२०० मेगावॅटचे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासूनचे आहे. भिरा येथे १५० मेगावॅटचा उदंचन (पाणी पुन्हा वर चढवणारा) संच आहे, आणि घाटघर प्रकल्पात (२५० मेगावॅट) रात्री पाणी वर चढवून मागणीच्या वेळी ते खाली सोडले जाते. साठवणुकीवरचा धडा शिकायला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा मिळणे कठीण.

या सगळ्यांत कोयनेचे स्थान निराळे. धरण सातारा जिल्ह्यात, पण वीज होते सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, चिपळूण तालुक्यात. शिवसागराचे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचे, पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटातील पोफळीच्या वीजगृहात उतरते, तेथून कोळकेवाडीच्या धरणात अडते, पुन्हा एकदा जनित्रे फिरवते आणि मग वाशिष्ठीला मिळते. एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, त्यातला १,००० मेगावॅटचा वाटा एकट्या चौथ्या टप्प्याचा. या टप्प्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळाला छेद देण्याचे काम १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये झाले. मात्र पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे कोयनेची जनित्रे सदासर्वकाळ चालवता येत नाहीत. संध्याकाळची मागणी चढते तेव्हा किंवा दुसरे मोठे केंद्र अचानक बंद पडते तेव्हा ती उपयोगी पडतात. मर्यादित पाणी कोणत्या तासाला खर्च करावे, हा इष्टतमीकरणाचा (आहे त्यातून सर्वाधिक लाभ काढण्याचा) प्रश्न पाठ्यपुस्तकात चार ओळींत सुटतो. पोफळीत मात्र पाऊस, शेती आणि भारप्रेषण केंद्राचा (विजेची मागणी व पुरवठा जुळवणाऱ्या कक्षाचा) फोन यांच्या कात्रीत तो रोज नव्याने सोडवावा लागतो.

पारेषणाचेही तसेच. चंद्रपूरहून निघणारी ±५०० किलोव्होल्टची, सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी भिवंडी तालुक्यातील पडघ्याला संपते आणि १,५०० मेगावॅटपर्यंत वीज वाहून आणते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, तो याच कळवा–पडघे परिसरातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्याने. संकटकाळी शहराला उरलेल्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर जगवण्याची योजना १९८०च्या दशकापासून होती; त्या दिवशी ती पुरी पडली नाही. स्थैर्य, संरक्षण आणि भारकपात हे तिन्ही विषय एका सकाळीत समजावून सांगणारे असे उदाहरण दुसरे नाही.

संस्था : पवईच्या आयआयटीत विद्युत विभागात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स व शक्ती प्रणाली ही विशेष शाखा आहे, ऊर्जाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि सौर प्रकाशविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही. माटुंग्याची व्हीजेटीआय (स्थापना १८८७) आणि अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय ही राज्यातील विद्यार्थ्यांची नेहमीची ठिकाणे. दक्षिणेला गोव्याच्या एनआयटीत हा विषय शिकवला जातो. मधल्या लांबलचक पट्ट्यात तांत्रिक विद्यापीठ आहे ते माणगाव तालुक्यातील लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (१९८९). रत्नागिरी व देवरुखच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुले पुढच्या शिक्षणासाठी मुंबई, पुणे, सांगली किंवा कोल्हापूर गाठतात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा (१९७२) उल्लेख अशा याद्यांतून सहसा गळतो, आणि तसे होऊ नये. तेथील कृषी अभियांत्रिकी शाखेत ऊर्जेचा अभ्यास सौर वाळवणी यंत्रे, बायोगॅस आणि जैवभाराच्या अंगाने होतो. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकते आणि आमसुले वाळत घातली की वळवाचा पाऊस दारात. काजूच्या टरफलात भरपूर उष्मांक असतात. येथील छोट्या उद्योगाला विजेइतकीच उष्णतेची गरज आहे, ही गोष्ट विद्युत विभागांच्या अभ्यासक्रमात फारशी उमटत नाही.

प्रवेश : गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचे गुण मुख्य निकष, ते तीन वर्षे ग्राह्य धरतात. राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात. गेट उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मुंबईत खोलीचे भाडे भरून त्यात किती उरते हे सांगायची गरज नाही.

अभ्यासविषय : पाया जुनाच आहे : भारप्रवाहाचे गणित (न्यूटन–रॅफसन पद्धत), दोषविश्लेषण, रिले संरक्षण, स्थैर्य, उच्चदाब तंत्र. त्यावर सौर व पवन ऊर्जा, इन्व्हर्टर (एकदिश वीज प्रत्यावर्ती करणारे यंत्र), बॅटरी साठवण, सूक्ष्मजाळे (छोट्या परिसरापुरते वीजजाळे) आणि ऊर्जा लेखापरीक्षण यांची भर पडली. ही भर नुसती शेवटच्या प्रकरणाची नाही, तिने पायालाच हात घातला आहे. देशाचे जाळे ५० हर्ट्‌झवर चालते. मोठे केंद्र अचानक बंद पडले की पहिल्या काही सेकंदांत तूट भरून निघते ती इतर केंद्रांतील अवजड फिरत्या जनित्रांच्या गतिज ऊर्जेतून. सौर पॅनेलमागे असे फिरणारे वस्तुमान नसते. सौर वीज वाढत जाईल तसे हे जडत्व घटते, वारंवारता अधिक वेगाने घसरते, आणि इन्व्हर्टरनेच जाळे सावरायला शिकावे लागते. ‘शाश्वत ऊर्जा’ हा शब्द माहितीपुस्तिकेत आला की पर्यावरणाचे चार धडे असतील अशी समजूत होते. प्रत्यक्षात तेथे नियंत्रणशास्त्राचे अवघड गणित वाट पाहत असते.

अर्थकारणाचा पेपर विद्यार्थी टाळतात. त्यांनी गुहागर तालुक्यातील अंजनवेलला जाऊन यावे. तेथील दाभोळ वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून राज्य वीज मंडळाशी वाद होऊन २००१ मध्ये बंद पडला. यंत्रे चांगली होती. बुडाला तो वीजखरेदी करार. विद्युत अधिनियम २००३, नियामक आयोग, मुक्त प्रवेश (हव्या त्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा) आणि वीजबाजार हे विषय या घटनेच्या उजेडात शिकवले तर कंटाळवाणे राहत नाहीत.

प्रबंधाचे विषय : संगणकावर ठरावीक ३० किंवा ११८ बसचे (जोडबिंदूंचे) नमुना जाळे घेऊन नवी गणनपद्धत चालवून पाहणे हा रुळलेला मार्ग. कोकणात याहून सकस विषय अंगणात पडले आहेत. खाऱ्या वाऱ्याने निरोधकांवर (तारा खांबापासून वेगळ्या ठेवणाऱ्या भागांवर) मिठाचा थर बसतो. मुसळधार पावसात तो धुतला जातो; धोका असतो कोरड्या महिन्यांनंतरच्या दवाचा आणि पहिल्या भुरभुरीचा, कारण ओलसर मीठ वीज वाहते आणि निरोधकावर ठिणगी उडते. अतिप्रदूषित हवेसाठी दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर सरपटअंतर (निरोधकाच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) हवे, असा जुना आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीला, कमाल ३६ किलोव्होल्ट दाब धरून, ते सुमारे १,११६ मिलिमीटर होते. स्वच्छ हवेतल्या १६ मिलिमीटरच्या निकषाने ५७६ पुरले असते.

दुसरा विषय जांभ्याचा. जांभा दगड विजेला मोठा रोध करतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा रोध आणखी चढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतणे हा वायरमनचा उपाय मोसमापुरता टिकतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सौर प्रकल्प उभारताना हाच प्रश्न विजांच्या कडकडाटासह समोर येतो. शिवाय सडा पडीक आहे असे धरून चालणे चूक : त्यावर कातळशिल्पे आहेत, पावसाळी फुले आहेत, गुरांचे चरणे आहे.

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. गाडीला लागणारी २५ किलोव्होल्टची वीज एका फेजची. ती तीन फेजच्या जाळ्यातून घेतली की असमतोल होतो, आणि जाळे अशक्त असेल तेथे तो अधिक जाणवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो खांब आडवे केले. काही गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. भूमिगत केबल कुठे परवडते, कुठे वाडीपुरते सूक्ष्मजाळे बरे, याचे उत्तर फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीच्या) नोंदी आणि माडा-पोफळीतून गेलेल्या वाहिन्यांची पाहणी केल्यावाचून मिळणार नाही. भरती-ओहोटीची वीज मात्र कोकणात दरवर्षी कुणीतरी सुचवतो. मुंबईकडे पाण्याच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, दक्षिणेला तो कमी होत जातो, आणि एवढ्यावर बंधाऱ्याचा खर्च निघत नाही. रत्नागिरी किनाऱ्यावरचा प्रकल्प देशातील सुरुवातीच्या, १९८६ च्या, पवन प्रकल्पांपैकी एक. देवगडच्या पवनचक्क्या आता पर्यटक अधिक पाहतात.

नोकरी : महापारेषण, महावितरण, महानिर्मिती, भारप्रेषण केंद्रे, सौर कंपन्या, रिले व इन्व्हर्टर बनवणारे उद्योग आणि ऊर्जा लेखापरीक्षण ही पदवीधरांची मुख्य क्षेत्रे. शासकीय कंपन्यांत कनिष्ठ पदांची भरती पदवीवरच होत असल्याने एम. टेक.चा लाभ तेथे उशिरा दिसतो. संरचना, प्रणाली अभ्यास आणि संशोधनाच्या कामात तो लगेच दिसतो. छतावरच्या सौर संचांना २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यापासून तालुक्याच्या गावीही संच बसवणारे वाढले. वितरण रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) असे किती संच झेपतील, दुपारी विजेचा दाब किती चढेल, हे मोजून देणारा अभियंता मात्र अजून मुंबईहून बोलवावा लागतो.