किक-ऑफ नाही, मग १५ यार्ड कुठे मोजायचे? कॉलेज फुटबॉलच्या ओव्हरटाइममधली पेनल्टी

अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) १९९५ पर्यंत नियमित हंगामातला सामना बरोबरीत सुटू शकत असे. त्या डिसेंबरात लास व्हेगस बाउल या हंगामाअखेरच्या सामन्यात टोलिडोने नेवाडाला ओव्हरटाइममध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळात) ४०-३७ हरवलं आणि १९९६ पासून सगळ्याच सामन्यांना ही पद्धत लागू झाली. मूळ साचा कॅन्ससमधल्या शाळांचा: घड्याळ बंद, किक-ऑफ (लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे पाठवून होणारी सुरुवात) नाही, दोन्ही संघांना आक्रमणाचा एकेक डाव. शाळांत डाव प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून १० यार्डांवरून सुरू व्हायचा, कॉलेजांनी २५ यार्डांची रेषा घेतली.

किक-ऑफ गेला आणि पेनल्टीचं गणितच फिरलं. टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण) होताना बचाव करणाऱ्या संघाने पर्सनल फाउल (धोकादायक धसमुसळा खेळ) केला, तर एरवी १५ यार्ड पुढच्या किक-ऑफवर चढवता येतात. ओव्हरटाइममध्ये दोनच पर्याय उरतात: टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या प्रयत्नावर किंवा पुढच्या डावाच्या सुरुवातीच्या जागेवर. पहिल्या ओव्हरटाइममध्ये जादा गुण बहुधा किकनेच घेतात. तिथे यार्ड खर्ची घालणं म्हणजे ते वाया घालवणं. तेच यार्ड पुढे ढकलले तर प्रतिस्पर्ध्याचा डाव ४० वर सुरू होतो. एक यार्डही पुढे सरकता आलं नाही तर ४२ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक; तिचं अंतर रेषेपासूनच्या यार्डांत साधारण १७ मिळवून येतं) ५७ यार्डांचा होऊन बसतो.

उलट बाजूचा हिशेब सारखा नाही, आणि नवख्यांची गफलत होते ती इथेच. आक्रमण करणाऱ्या संघाकडून १५ यार्ड पूर्ण वसूल होतात, कारण त्याच्या पाठीशी अख्खं मैदान असतं. बचाव करणाऱ्याची पेनल्टी मात्र त्याच्या गोलरेषेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त होत नाही. म्हणून २५ वरून चेंडू १० वर न जाता साडेबारावर थांबतो. पास इंटरफिअरन्स (पास झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडवणं) हा अपवाद. फाउल १५ यार्ड किंवा त्याहून पुढे झाला असेल तर पूर्ण १५ मिळतात, अलीकडे झाला असेल तर चेंडू फाउलच्या जागी ठेवतात, आणि खेळी १७ यार्डांच्या आत सुरू होऊन फाउल एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) झाला असेल तर चेंडू थेट २ वर ठेवतात.

या कलमाने एक राष्ट्रीय अजिंक्यपद फिरवलं. ३ जानेवारी २००३, फिएस्टा बाउल. पहिल्या ओव्हरटाइममध्ये मायामी २४-१७ पुढे. ओहायो स्टेटचा चौथा डाउन (१० यार्ड पुढे जाण्याचा चौथा, शेवटचा प्रयत्न), ५ यार्डांच्या रेषेवर, हवे होते ३ यार्ड. पास पडला, आतषबाजी सुरू झाली, मायामीचे खेळाडू मैदानात धावले. तेवढ्यात फील्ड जज टेरी पोर्टर यांनी फाउलचा झेंडा टाकला: पास इंटरफिअरन्स. चेंडू २ वर, पुन्हा पहिला डाउन. ओहायो स्टेटने बरोबरी साधली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३१-२४ असा सामना जिंकला. फाउल होता की नाही यावर वाद अजून होतात. पेनल्टी मात्र नियमाबरहुकूमच लागली होती.

चेंडूचा ताबा बदलला की नियम आणखी कडक. समजा बचाव करणाऱ्याने पास अडवला आणि परत धावत टचडाउन केला, पण धावताना त्याच्याच साथीदाराने कुणाला पाठीमागून ढकललं. टचडाउन रद्द. यार्ड मात्र मोजले जात नाहीत, ती पेनल्टी नियमानेच नाकारलेली धरतात, आणि त्या संघाचा स्वतःचा डाव बाकी असेल तर तो नेहमीसारखा २५ वरूनच सुरू होतो. बेशिस्त वर्तन, अतिगंभीर पर्सनल फाउल किंवा चेंडू मृत झाल्यावरचा पर्सनल फाउल असेल तर सुटका नाही. ते पुढच्या डावावर चढतात.

२०१८ मध्ये टेक्सस ए अँड एमने एलएसयूला (लुइझियाना स्टेट) सात ओव्हरटाइमनंतर ७४-७२ हरवलं, तेव्हा खेळाडूंच्या दमछाकीचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१९ पासून पाचव्या आणि २०२१ पासून तिसऱ्याच ओव्हरटाइमपासून ३ यार्डांवरून दोन गुणांची एकेक खेळी आली. इथे असमतोल टोकाला जातो: बचावाचा ऑफसाइड (खेळी सुरू होण्याआधी रेषा ओलांडणं) दीड यार्डाचा, आक्रमणाचं होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं) मात्र पूर्ण १० यार्डांचं, म्हणजे खेळी १३ वरून पुन्हा. तीही होल्डिंग झालेल्या खेळीत गुण मिळाले असतील तरच. प्रयत्न फसला असेल तर प्रतिस्पर्धी पेनल्टी नाकारतो आणि डाव तिथेच संपतो.