होज टांगली म्हणजे वाळली, असं नाही

रिब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं डायव्हिंगचं यंत्र, खोलायचा, गोड्या पाण्याने खळखळून धुवायचा आणि टांगून ठेवायचा. दोन दिवसांत आपोआप वाळतो. हे इतक्यांदा ऐकलं होतं की एकदा दोन दिवस टांगलेली होज, म्हणजे त्याची वळ्यावळ्यांची श्वासनळी, मी उतरवली, ताणून धरली आणि आत टॉर्च मारला. बाहेरून ती ठणठणीत कोरडी होती. आत मात्र जवळजवळ प्रत्येक वळीच्या खाचेत पाण्याची बारीक रेघ चमकत होती, आणि ओल्या फडक्यासारखा कुबट वास येत होता.

साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन निघून जातो. रिब्रीदरमध्ये तोच श्वास होज, काउंटरलंग (श्वास साठवणारी पिशवी) आणि स्क्रबर (श्वास शुद्ध करणारा डबा) यांतून फिरून परत तोंडाशी येतो. वाटेत स्क्रबरमधलं सोडा लाइम, म्हणजे चुन्याचे दाणे, कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि खर्च झालेल्या ऑक्सिजनची भर पडते. १८७८ साली हेन्री फ्लूसने केलेल्या यंत्रापासून मूळ कल्पना हीच आहे.

यात पाणी येतं कुठून? एक तर श्वासातून. ३७ अंश सेल्सिअसच्या संपृक्त हवेत लिटरमागे ४४ मिलिग्रॅम बाष्प असतं. समुद्राने गार केलेल्या होजमध्ये त्यातलं बरंचसं दवासारखं जमतं. शिवाय सोडा लाइमच्या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो. मिनिटाला १ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या डायव्हरच्या स्क्रबरमध्ये तासाभरात सुमारे ४५ ग्रॅम पाणी असंच तयार होतं. त्यात लाळ मिसळली की जिवाणूंना ओलही मिळाली आणि खाऊही. ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर बांधतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पुढच्या डाइव्हला आपण याच पोकळीतून फुप्फुसं भरून श्वास घेणार असतो.

'समुद्राचं खारं पाणी जंतुनाशकच असतं' हा समज डोक्यातून काढून टाकायला हवा. समुद्र जिवाणूंनी भरलेला आहे. उलट मीठ वाळवण्यात अडथळा आणतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून पाझरायला लागतं. मीठ राहिलं तर होज कधी पुरती वाळतच नाही, म्हणून गोडं पाणी सर्वांत आधी.

आता माझा आवडता भाग. होज वाळते म्हणजे बाष्प टोकांतून बाहेर पडतं. आतली हवा स्थिर असेल तर ते निव्वळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या धडपडत्या भटकंतीने सरकतं. हवेत बाष्पाचा विसरणांक सेकंदाला सुमारे ०.२५ चौरस सेंटिमीटर आहे. समजा, होज अर्धा मीटर लांब, आतलं छिद्र १० चौरस सेंटिमीटर, पाणी मधोमध आणि खोलीत २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता. आत घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प, बाहेर १४. फरक ९ ग्रॅमचा, वाट २५ सेंटिमीटरची. गणित मांडलं तर दोन्ही टोकांतून मिळून दिवसाला जेमतेम ०.१६ ग्रॅम पाणी बाहेर जातं. एका ग्रॅमला, म्हणजे वीसेक थेंबांना, सहा दिवस! प्रत्यक्षात हवा थोडी हलते, त्यामुळे वेळ कमी लागतो. पण दोन दिवस पुरले नाहीत याचं कारण इथेच आहे.

आता त्याच होजमधून छोट्या पंख्याने सेकंदाला १ लिटर हवा सोडा. प्रत्येक लिटर फार तर ९ मिलिग्रॅम पाणी उचलू शकतो, म्हणजे एका ग्रॅमला शंभर-सव्वाशे लिटर हवा पुरते. हवा पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडत नाही, म्हणून दोन मिनिटांऐवजी अर्धा तास धरा, एक तास धरा. तरी सहा दिवस कुठे आणि एक तास कुठे! बाष्पाने स्वतः वाट काढायची आणि वाऱ्याने त्याला वाहून न्यायचं, यांतला हा फरक मला दर वेळी नव्याने थक्क करतो.

कडक उन्हात टाकणं हा त्याला पर्याय नाही. रबर खराब होतं, आणि जंतू मारणारे अतिनील किरण अपारदर्शक होजच्या आत पोचतच नाहीत. किरणांचे दिवे लावलेली पेटी घेऊन होज 'निर्जंतुक' करण्याचे दावेही याच कारणाने पोकळ आहेत. वळीची सावली पडली की तिथला जिवाणू सुखरूप.

धुताना ऑक्सिजन सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स आधी बाजूला काढा. वापरलेलं सोडा लाइम टाकून द्या. त्यात पाणी गेलं तर त्वचा भाजणारा अल्कली तयार होतो. जंतुनाशक उत्पादकाने सांगितलेलंच वापरा, सांगितलेल्या प्रमाणात, आणि सांगितलेली मिनिटं आत भिजू द्या. नुसतं बुडवून काढलं तर बायोफिल्मच्या वरच्या थरापुरतंच काम होतं. मग पुन्हा गोडं पाणी, पाणी निथळेल अशी टांगणी, आणि पंखा.

सेन्सर परत बसवण्याआधी त्याचा दर्शनी पडदा कोरडा असल्याची खात्री करा. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू विसरतो. पडद्यावर पाण्याचा पातळ थर असला तरी सेन्सर मागे पडतो, ऑक्सिजन कमी असल्याचं सांगतो आणि यंत्र आणखी ऑक्सिजन सोडतं. खोल पाण्यात तो जास्त झाला तर आकडी येते, तीही माउथपीस तोंडात असताना.