भिंत, खडू आणि उभी उडी

जड वजन घेऊन बैठक मारणाऱ्या खेळाडूच्या पायांत ताकद असते, यात शंका नाही. पण ते वजन तो सावकाश उचलतो. मैदानावर तेवढी सवड कोण देतं? भरधाव पळताना पाऊल जमिनीला जेमतेम एक दशांश सेकंद टेकतं आणि स्नायूला पुरता जोर लावायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून जोर किती, याइतकंच तो किती झटक्यात लागतो हेही मोजावं लागतं. यालाच स्फोटक ताकद म्हणतात.

हार्वर्ड विद्यापीठात अनेक वर्षं शारीरिक शिक्षणाची धुरा सांभाळलेल्या डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये यासाठी उभ्या उडीची चाचणी मांडली. पुढे तिचं भिंत आणि खडूचं रूप सगळीकडे रूढ झालं. बोटांना खडू लावून भिंतीला कूस करून उभं राहायचं, टाचा न उचलता हात वर ताणून ठसा उमटवायचा, मग जागेवरूनच उडी मारून दुसरा ठसा. दोन्हींतलं अंतर म्हणजे उडी. पहिल्या ठशाच्या वेळी खांदा पूर्ण ताणला नाही, तर उडी फुकटात दोनतीन सेंटिमीटरनी वाढते. तिथे प्रशिक्षकानं कडकच असावं.

१९८० च्या दशकात इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी उडीची चटई प्रचारात आणली. पाय हवेत किती वेळ होते, एवढंच ती मोजते. उंची गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून निघते. अर्धा सेकंद हवेत असाल, तर उडी सुमारे ३१ सेंटिमीटर. पण टेकताना गुडघे पोटाशी घेऊन पाच शतांश सेकंद जादा काढले, तर तीच उडी ३७ दाखवते! म्हणून पाय सरळ ठेवून चवड्यांवरच उतरायला सांगतात.

मला या चाचणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो दोन उड्यांमधला फरक. दोन्हींत हात कमरेवर, कारण हातांच्या झोक्यानं उडी वाढते. पहिलीत गुडघे वाकवून दोनतीन सेकंद थांबायचं आणि तिथूनच उसळायचं. दुसरीत ताठ उभं राहून झटकन खाली जायचं आणि न थांबता वर. दुसरी उडी बहुधा काही सेंटिमीटर उंच जाते. खाली जाताना शरीराला आवरण्यासाठी मांडीचे स्नायू आधीच ताणून सज्ज झालेले असतात आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या ताणलेल्या कंडराही साठवलेली थोडी ऊर्जा परत देतात. हा फरक फारच कमी असेल, तर खेळाडूला त्या ताणाचा फायदा उठवता येत नाही, असा संशय घ्यावा. त्याला नुसती वजनं वाढवून देण्यापेक्षा उसळीच्या व्यायामांकडे वळवलेलं बरं.

दोन खेळाडूंचे आकडे शेजारी ठेवताना मात्र वजन विसरू नये. ५० किलोची मुलगी आणि ८० किलोचा मुलगा सारख्याच उंचीवर उसळले, तर मुलाच्या पायांनी जास्त काम केलेलं असतं. खरा उपयोग त्याच खेळाडूची आजची उडी त्याच्याच नेहमीच्या उडीशी ताडून पाहण्यात आहे. अंग तापवल्यावर, त्याच चपलाबुटांत, त्याच पद्धतीनं घेतलेली उडी लागोपाठ काही दिवस कमी भरत असेल, तर पायांचा थकवा उतरलेला नाही असं समजून अनेक प्रशिक्षक त्या आठवड्याचा सराव हलका करतात.